मंचरच्या मैदानाची बातमी

जुन्नरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. मी कुस्त्यांवर लिहितो, हे वडिलांना एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

गिऱ्हाईक ओतूरकडचं होतं. लुगड्याचा काठ चाचपता चाचपता ते म्हणालं, "शेठ, तुमच्या धाकल्यानं लई झ्याक लिवलंय राव! परवा आमच्या तालमीत समद्यांना वाचून दाखिवलं."

गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत वडील हसतमुख राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुणाची पाठ मातीला लागली अन् कुणाची लागली नाही, हे सांगायला लिहिता येणारा माणूस कशाला लागतो? तिथं बसलेल्यांना दिसत नाही का?"

मी उलगडलेल्या लुगड्याची घडी घालायला घेतली.

आम्ही जैन. पणजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. माझ्यापर्यंत येईतो घरात मराठीच उरली होती. वडील फार रागावले तर तेवढ्यापुरतं मारवाडी कानावर पडे. दुकानामागच्या बोळात एक तालीम होती. मी लहानपणापासून छातीचा अशक्त. त्यामुळे मातीत उतरायची मला मुभा नव्हती, पण तालमीच्या झरोक्याला डोळे लावून मी तासन् तास उभा राही. कान मात्र दुसरीकडे ओढ घेत. ओझरच्या गणपतीला उत्सवात सनई-चौघडा वाजे, गावोगाव भजनं होत, जत्रांतून ढोलकी घुमे. ते ऐकलं की ठेका कागदावर उतरवून ठेवायचा मला नाद होता. मराठी सातवी पास झालो तेव्हा माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या, कुस्ती बघायची हौस आणि ताल मोजायची खोड.

पुण्याच्या एका साप्ताहिकात बाहेरगावची पत्रं छापून येत. एका जत्रेतल्या कुस्त्यांचं वर्णन लिहून मी तिकडे धाडलं. ते छापलं गेलं. पाठोपाठ संपादकांचं कार्ड आलं : "असेच लिहीत जावे. मजकूर आटोपशीर असावा. उपमा कमी." अशा रीतीनं मी 'आमचा जुन्नरचा बातमीदार' झालो.

पिंपरी पेंढारचा एक मल्ल तेव्हा उमेदीत होता. मी त्याला नुसतं पैलवान म्हणतो. त्या काळी आमच्या तालुक्यात तेवढं म्हटलं तरी लोकांना तोच आठवे. घरची शेती, डोक्यावर थोरला भाऊ, आणि गावच्या तालमीचा वस्ताद त्याच्या पाठीशी. इतर मल्ल आखाड्यात उतरताना शड्डू ठोकत, आरोळ्या देत. हा मुकाट्यानं येई, माती कपाळाला लावी आणि लढे. सलग दोन हंगाम मी त्याला कुठं हरताना पाहिला नाही. माझी निम्मी पत्रं त्याच्यावरच असत, आणि माझं जे काही थोडंबहुत नाव झालं ते त्याच्या जिवावर झालं.

त्याच्या प्रत्येक कुस्तीला हलगी एकाच माणसाची असे. त्याच्याच गावच्या मांगवाड्यातला एक म्हातारा. कमरेत वाकलेला, पण हलगी छातीशी धरली की ताठ. पैलवान लहानपणी माळावर शेळ्या राखायचा तेव्हा म्हातारा तिथंच जाळ करून हलगी शेकत बसे. तेव्हापासूनची त्यांची ओळख.

हलगीशिवाय आखाडा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळ्यांप्रमाणे मीही ती गोंगाट म्हणूनच ऐकत होतो. दुसऱ्या हंगामात एका कुस्तीत समोरच्यानं पैलवानाला खाली घालून मानेवर गुडघा रोवला. लोक ओरडत होते. अशा वेळी हलगी कडाडायची, ती उलट संथ झाली. एकेक ठोका सुटा पडू लागला. माझं लक्ष नकळत तिकडे गेलं, आणि मला दिसलं की त्या ठोक्यांबरोबर पैलवानाची पाठ वर-खाली होते आहे. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं हात दुप्पट केला. त्या दुप्पटीतच पैलवान खालून उसळला आणि ढाक मारून मोकळा झाला.

मी मैदान संपल्यावर म्हाताऱ्याला गाठलं. "बाबा, मघाशी हात संथ का केलात?"

तो हसला. "शेठ, श्वास घ्याया सांगितला त्येला. मानूस दमला की डोळं कामाचं ऱ्हात न्हाईत. कान ऱ्हातो."

त्या रात्री आनंदानं मला झोप आली नाही. कुस्ती आणि ताल, माझ्या दोन्ही वेडांची गाठ एका ठिकाणी पडली होती. मी लांबलचक पत्र लिहिलं. निम्मं पैलवानावर, निम्मं म्हाताऱ्याच्या हातावर. छापून आलं ते पहिलं निम्मं. कार्डावर संपादकांनी लिहिलं होतं : "वाद्यासंबंधीचा मजकूर गाळला आहे. वाचकांस मल्ल हवा. शिवाय त्या जातीच्या मनुष्याचे इतके कौतुक आमच्या वर्गणीदारांस रुचणार नाही."

मला वाईट वाटलं. पण मी भांडलो नाही. नाव छापून येत होतं, ते थांबेल अशी भीती होती. पुढच्या पत्रांत मी हलगी आपण होऊनच गाळू लागलो. पुढं पुढं ती माझ्या कानांवरही येईनाशी झाली.

मग प्लेग आला. म्हणजे पुन्हा आला. जुन्नर ओस पडलं. आम्ही दुकानाला कुलूप लावून कुकडीच्या पलीकडे शेतात गवताच्या झोपड्या घातल्या. गावागावांनी तेच केलं. जो तो आपापल्या जातीच्या झोपड्यांत, आणि झोपड्या-झोपड्यांमध्ये जमेल तेवढं अंतर. रोज सकाळी कुणाच्या तरी वस्तीवरून रडणं ऐकू येई आणि आम्ही कान देऊन ते कुठल्या बाजूचं हे ओळखत असू. माझी वहिनी त्यात गेली. तिच्या काखेत गाठ आल्याचं तिनं दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

साथ ओसरली तसे लोक घरी परतू लागले, आणि पहिलं मोठं मैदान मंचरला भरलं. इतक्या दिवसांच्या मरणानंतर लोकांना काहीतरी बघायचं होतं. आंबेगाव तालुक्यातनं, जुन्नरातनं, खेडकडनं गाड्याच्या गाड्या लोटल्या. शेवटची कुस्ती पैलवानाची, दक्षिणेकडून आलेल्या एका नावाजलेल्या मल्लाशी. मी आखाड्याच्या अगदी कडेला बसलो होतो.

ती कुस्ती झालीच नाही म्हटलं तरी चालेल. सलामी झाली. पैलवानाचा हात उशिरा उचलला गेला. समोरच्यानं पायांना मिठी घालून पट काढला आणि पैलवान गवताच्या भाऱ्यासारखा उलथला. पाठ स्वच्छ टेकली. क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग मागून कुणीतरी मूठभर माती फेकली, आणि चहूकडून माती पडायला लागली. तो उठून बसला. हलगीवाला उभा होता तिकडे त्यानं एकदा पाहिलं आणि तो आखाड्याबाहेर गेला.

हलगी त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची होती. हे मला दिसलं होतं. पण हलगीबद्दल लिहायचं नाही, अशी सवय लागलेल्या माणसाला तिच्याबद्दल विचार करायचीही सवय राहत नाही.

माझ्या शेजारचा एक फेटेवाला म्हणाला, "त्यात काय कळंना राव? इकली त्यानं कुस्ती."

पैलवानाला गाठून विचारायला हवं, हे मला कळत होतं. पण ऊन उतरणीला लागलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आमच्या घरचा नेम, आणि मंचरच्या ओळखीच्या घरी पान मांडलेलं होतं. मी उठून जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहिलं. ते लिहिताना हाताला गती आली होती, हे कबूल करतो. ज्याला दोन वर्षं डोक्यावर घेतलं त्याला खाली टाकताना शब्द फार सोपे सुचतात. 'विकली' असं मी कुठंही लिहिलं नाही. पाठ टेकली की टेकवली, असा एक प्रश्न तेवढा विचारला. संपादकांनी त्या प्रश्नाचाच मथळा केला. कार्ड आलं : "उत्तम. असे निर्भीड लेखन हवे."

पुढं काय झालं ते मला ओतूरच्या त्याच गिऱ्हाइकानं सांगितलं. अंक पिंपरी पेंढारात पोचला. मारुतीच्या देवळापुढं गाव जमलं, कुणीतरी माझं पत्र मोठ्यानं वाचलं. मग वस्तादांनी पैलवानाला विचारलं, "इकलीस का?" तो बोलला नाही. तीनदा विचारलं. तीनदाही खाली बघून उभा राहिला. तेव्हा वस्तादांनी त्याचा लंगोट तालमीच्या खुंटीवरून काढून त्याच्या पायांपुढं टाकला आणि सांगितलं, "ह्या मातीत पुना पाय ठिवू नगंस." आठ दिवसांत तो गाव सोडून गेला. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं.

"तुमी बराबर लिवलं शेठ," गिऱ्हाईक म्हणालं. "खोटं असतं तर त्यो बोलला नसता व्हय?"

मलाही तसंच वाटलं. उलट जरा बरंच वाटलं.

त्यानंतर महिन्याभरानं, दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. एक बाई पायरीखाली येऊन उभी राहिली. वर चढली नाही. वडिलांनी काय हवं म्हणून विचारलं तर तिनं मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुमीच का त्ये पेपरात लिवनारं?"

"हो."

"मी हलगीवाल्या म्हाताऱ्याची बायको. त्यो गेला. तुमाला ठावं न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

"मंग ऐका. पर लिवू नगा."

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मांगवाड्याच्या झोपड्या ओढ्याच्या खालच्या अंगाला होत्या. म्हाताऱ्याला जांघेत गाठ आली. ती स्वतः तापानं पडलेली, एक मुलगी लहान. भोवतालची माणसं झोपड्या सोडून आणखी लांब गेली. पैलवान रोज पाण्याची घागर आणून बांधावर ठेवून जाई. तिसऱ्या दिवशी ती घागर उचलायलाही कुणी उठलं नाही, तेव्हा तो आत आला. मग आठ दिवस तो तिथंच होता. म्हाताऱ्याला उचलून बाहेर न्यायचा, पेज पाजायचा, बाईच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायचा. शिजवलेलं काही उरलंच तर तिथंच दोन घास खायचा, नाहीतर उपाशी.

"म्हातारा गेला तवा चार खांदं मिळंनात," ती म्हणाली. "त्यानं एकल्यानं खांद्यावर घातला. एकल्यानं खड्डा खांदला. आमच्यात वाजवल्याबिगार मानसाला न्हेत न्हाईत. त्यानं हलगी घेतली अन् वाजवली. वाजवाया येत नव्हतं त्येला. पर वाजवली. त्याच्या तिसऱ्या दिशी मंचर व्हतं."

"मग लढला कशाला?" मी विचारलं. "नाही म्हणायचं."

"म्हाताऱ्यानं शबुद घेतला व्हता. मंचरची सोडू नगंस म्हनून."

"पण गावानं विचारलं तेव्हा हे सांगायचं ना! यात लाज वाटण्यासारखं काय आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. शहाण्या माणसाकडे नव्हे, लहान मुलाकडे बघावं तशी.

"काय सांगनार? मांगाच्या झोपडीत जेवलो म्हनून? मांगाचं मढं खांद्यावर घ्येतलं, मेल्या जनावराचं चामडं वाजवलं म्हनून? समद्या घराला वाळीत टाकलं असतं, शेठ. थोरल्या भावाच्या पोरीचं लगीन ठरलंय. इकली म्हनत्यात ते त्याच्या एकट्यावर ऱ्हातं. ह्ये घरावर जातं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग तुम्ही मला का सांगितलंत?"

"कुनाला तरी ठावं असावं. ज्यानं लिवलं त्येला तरी ठावं असावं." एवढं बोलून ती निघून गेली.

वडिलांनी सगळं ऐकलं होतं. बराच वेळ ते गजानं कापड मोजत राहिले. मग म्हणाले, "आता?"

"दुरुस्ती छापतात," मी म्हणालो.

"फाडलेलं कापड शिवता येतं. पण त्याला पुन्हा अखंड म्हणून विकत नाहीत."

मी संपादकांना लिहिलं की माझी बातमी चूक होती, मैदानात काही गैर घडलं नव्हतं, हे कृपा करून छापावं. उलट टपाली कार्ड आलं : "कारण द्यावे. कारणाशिवाय माघार घेतल्यास पत्राची अब्रू जाते." कारण माझ्याजवळ होतं. ते देता येत नव्हतं. तीन दिवस मी कार्ड पुढ्यात घेऊन बसलो आणि शेवटी ठरवलं की हे ज्याचं त्याला विचारावं.

त्याचा पत्ता लागायला उन्हाळा उजाडला. पैलवानासारखा फुटक्या कानांचा एक माणूस आहुप्याला हिरडा वाहतो, असं घोडेगावच्या बाजारात कळलं. घोडेगावापर्यंत गाडीनं गेलो, तिथून पुढं घोड नदीच्या कडेकडेनं पायी. माझ्या छातीला तो चढ झेपण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी वर पोचलो तेव्हा दम लागून बोलवत नव्हतं.

आहुपे म्हणजे डोंगराच्या अगदी कडेवरची वीस-पंचवीस घरं, त्यापलीकडे कडा तुटून खाली कोकण. गावाला लागून देवराई. तिथलं लाकूड कुणी तोडत नाही, वाळलेली फांदीसुद्धा उचलत नाही. त्या झाडीच्या अलीकडे एका कोळ्याच्या गोठ्यात तो राहत होता. मी गेलो तेव्हा पोती शिवत बसला होता. मान बारीक झाली होती. अंगाचं मांस गेलं होतं आणि कातडी सैल पडली होती. कान तेवढे पैलवानाचे राहिले होते.

त्यानं मला ओळखलं. "या," म्हणाला, आणि बसायला पोतं टाकलं.

मी सगळं सांगितलं. बाई आली होती हे, संपादक कारण मागतात हे. मग विचारलं, "भाऊ, लिहू का? तुम्ही म्हणाल तसं लिहितो."

तो दाभण चालवतच होता. "लिवलं तवा इचाराया आला न्हाईत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी आखाड्याच्या मागं लिंबाखाली बसलो व्हतो. मला वाटलं, तुमी तरी याल. दिस मावळस्तवर बसलो व्हतो."

मला त्या वेळी मंचरच्या घरातलं वाढलेलं पान डोळ्यांपुढं दिसलं. मी मान खाली घातली.

"आता काय बी लिवू नगा," तो म्हणाला. "पोरगी नांदतीया. तिला नांदू द्या."

कोळ्याच्या घरातून नाचणीची भाकरी आणि चटणी आली. तो जेवला, मीही जेवलो. मग मी विचारलं की तुम्ही दमला की म्हातारा जो ठेका धरायचा, तो आठवतो का. त्यानं दाभण बाजूला ठेवलं. दावणीच्या लाकडावर दोन बोटांनी त्यानं तो वाजवून दाखवला. आधी सुटा, मग दुप्पट. मी वहीत उतरवून घेतला. त्यानं तो पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मधेच थांबून म्हणाला, "दर खेपेला पेपर आला की म्हातारा इचारायचा, माझं काय लिवलंय का रं? मी म्हनायचो, लिवलंय की. खोटंच."

मी त्याला सांगितलं की एकदा मी लिहिलं होतं, पण छापलं नाही. तो "बरं" म्हणाला. त्याचा विश्वास बसला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी मी निघालो तेव्हा तो ओझं घेऊन आधीच गेला होता.

जुन्नरला परतल्यावर मी संपादकांना लिहिलं की कारण देता येत नाही. दुरुस्ती छापणार नसाल तर माझं पत्र यापुढं येणार नाही. त्यांनी दोन ओळी छापल्या. शेवटच्या पानावर, तापाच्या औषधाच्या जाहिरातीखाली : मंचरच्या मैदानासंबंधीचा मजकूर अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता, असे आमचे बातमीदार कळवितात. त्या दोन ओळींनी कुणाचं भलं झालं नाही. पैलवानानं माणसं धाडून मारवाड्याला दमात घेतलं, असं पेठेत बोलू लागले. पिंपरी पेंढारात तर म्हणे लोक हसले.

पुढच्याच पावसाळ्यात तो वारला. घोडेगावला भजनाचे फड ऐकायला मी गेलो होतो, तेव्हा तो गोठेवाला कोळी बाजारात भेटला. श्रावणात हिवताप झाला, औषध नव्हतं, खाली न्यायला वाट नव्हती, एवढंच त्यानं सांगितलं.

"शेवटी जवळ कुणी होतं का?"

"आमी व्हतो की," तो म्हणाला. मी असं का विचारावं, याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं.

त्यानंतर मी कुस्तीवर लिहिलं नाही. संपादक म्हणाले, तुमचा हात कुस्तीचा, संगीत लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत. मी ते साप्ताहिक सोडलं. पुढं दुसरी निघाली, बंद पडली, तिसरी निघाली. मी सनईवाल्यांवर लिहिलं, गोंधळ्यांच्या संबळावर लिहिलं, भजनी मंडळांवर लिहिलं. प्रत्येक वेळी समोर बसून विचारलं, आणि लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवलं. लोक हसत. एका सनईवाल्यानं तर विचारलं, "शेठ, मी काय कोर्टात जबानी देतूया व्हय?" जत्रेतल्या वाद्यांवर एक लहानसं पुस्तक काढलं. पहिलं प्रकरण हलगीचं. छापखानेवाल्यानं ते शेवटी घालू या म्हणून सुचवलं, मी ऐकलं नाही. पुस्तक फारसं कुणी घेतलं नाही. एक प्रत म्हाताऱ्याच्या बायकोला नेऊन दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या मुलीलाही नाही. मी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आता ह्येचा काय उपेग?" मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.

ती गेली. पैलवानाचा थोरला भाऊ गेला. ज्या पोरीच्या लग्नासाठी हे सगळं झालं ती बाळंतपणात केव्हाच गेली होती. इतक्या वर्षांनी पिंपरी पेंढारात जुनी तालीम पाडून नवी बांधली, आणि जुना लिहिणारा म्हणून गावानं मला उद्घाटनाला बोलावलं. मी ठरवून गेलो. आता कुणाचं काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं. उभा राहिलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. झोपडीतले आठ दिवस सांगितले, खांद्यावरचं प्रेत सांगितलं, हलगी सांगितली. माझी बातमी खोटी होती, हे त्याच गावात, त्याच मारुतीपुढं मोठ्यानं सांगितलं.

तरुण पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यांनी पैलवानाचं नावही ऐकलेलं नव्हतं. पाटील उठले आणि म्हणाले, शेठजींनी जुन्या आठवणी सांगून सभेची शोभा वाढवली. मग पंगतीची गडबड सुरू झाली.

वस्ताद जिवंत होते. ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी हातानं मला जवळ बोलावलं.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय ठाऊक होतं?"

"समदं. समद्या गावाला ठावं व्हतं. त्या दिशी ओढ्याकडनं हलगी वाजली ती साऱ्या माळानं ऐकली. वाजवाया न येनाऱ्या मानसाची हलगी लपती व्हय?"

"मग कुस्ती विकलीस का, असं का विचारलंत त्याला?"

"मंग काय इचारायचं व्हतं?" म्हातारा थोडा चिडला. "बाटलास का, असं? त्ये इचारलं असतं म्हंजी त्याचा भाऊ, भावाची पोरं, समदं घर भायेर काढाया लागलं असतं. भाऊ माझा साडू. मंग तुमचा कागद आला. बरं झालं. एकट्यावर भागलं."

"त्याला हे कळलं होतं का? की गावाला माहीत आहे म्हणून?"

"त्येला कोन सांगनार?"

एवढी वर्षं मी समजत होतो की माझ्या शब्दांनी एका माणसाचं आयुष्य मोडलं. आता कळलं की मोडायचं आधीच ठरलं होतं. माझे शब्द आयतेच हाताशी आले. यानं माझा अपराध कमी झाला की वाढला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पैलवान आहुप्याच्या त्या गोठ्यात जे गुपित जपत मेला, ते गुपित नव्हतंच, हे मात्र मला आजही सहन होत नाही.

वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रडत होते, की मोतीबिंदूमुळे येतं तसं ते पाणी होतं, सांगता येत नाही. त्यांनी हात पुढं केला.

"उठवा जरा, शेठ. पान वाढलं असंल."

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. एके काळचं ते भक्कम अंग आता काहीच वजनाचं नव्हतं. पंगतीपर्यंत नेऊन त्यांना पाटावर बसवलं, आणि माझी गाडी उभी होती तिकडे चालू लागलो.